आमच्यातलेच आहेत

माणिक,

तुला जाऊन सोळा दिवस झाले. परवा तुझ्या माजी विद्यार्थी मंडळाचे लोक घरी आले होते. तुझ्यावर स्मरणिका काढताहेत. "वसंतराव, तुम्ही सरांचे सगळ्यांत जुने मित्र. दोन पानं द्या. आठवणी, गमतीजमती, काहीही." मी हो म्हणालो. समोरच्याला बरं वाटेल ते बोलून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी खोड. ती तुला माहीत होती. तिनं काय केलं ते मात्र तुला माहीत नव्हतं.

तुझं शिक्षण, तुझी शाळा, तुझी बक्षिसं हे सगळं इतर लोक लिहितील. मला तुझ्याशीच बोलायचं आहे. तू असताना बोलायचा मी आणि ऐकायचा तू, असं फारसं कधी झालं नाही. तू बोलायचास, मी मान डोलवायचो, आणि शेवटी एकाच शब्दावरून आपलं भांडण व्हायचं. तो शब्द योगायोग. अठरा वर्षं आपण त्या एका शब्दावरून भांडलो. मी का भांडत होतो ते आज सांगतो.

प्रतापनगरातल्या अण्णांच्या घरामागचं अंगण आधी आठवतं. मी तिथं मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. जामाचं झाड आणि खिडकीचा गज यांच्यामध्ये काकूंची कपडे वाळत घालायची दोरी होती. रविवारी सकाळी काकू धुणं काढून घ्यायच्या आणि त्याच दोरीवर, त्यांच्याच लाकडी चिमट्यांनी, तू तुझं नाटक टांगायचास. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे तुकडे, मागच्या कोऱ्या बाजूवर तुझं तिरपं अक्षर, एका तुकड्यावर एक प्रसंग. आम्ही आठजण खाली सतरंजीवर.

"वसंता, एक काढ."

मी उठून कुठलीही एक चिठ्ठी काढायचो.

"आता सांगा. पडलं का नाटक?"

नाटक पडलं नाही, नुसती एक फट राहिली आणि गोष्ट तिच्यावरून उडी मारून पुढे गेली, तर ती चिठ्ठी परत टांगायची नाही, असा तुझा नियम. "घरी ने, चूल पेटवाले कामी येईन." तुझ्या त्या ग्रीक नाटकांतून तू हे शिकला होतास. तिथं प्रसंग एकामागून एक येत नाहीत, एकामुळे एक येतात, असं तू म्हणायचास. एक काढला की पुढचे सगळे लोळागोळा झाले पाहिजेत. नाही झाले, तर तो प्रसंग नाटकात नव्हताच, पाहुणा म्हणून बसला होता.

टेलिफोन खात्यातल्या गोपाळची चिठ्ठी मी काढली तो दिवस आठवतो ना? बाजारातला विनोदी प्रसंग. नाटक जागचं हललं नाही.

"अहो मास्तर, माझी एन्ट्री आहे त्यात!"

"तुह्या एन्ट्रीनं होते काय? तू नाही आला तं कोण मरते?"

"मी मरतो!"

काकू आतून हसल्या. तरीही तू ती चिठ्ठी टांगली नाहीस. गोपाळला दुसऱ्या प्रसंगात दोन वाक्यं दिलीस आणि वर म्हणालास, "दोनच आहेत, पण तू नाही बोलला तं मानूस मरते. खुश?"

नाटक तुझंच होतं, नाव अजून ठरलं नव्हतं. आमच्या रामटेककडच्या एका तलावाच्या राखणदाराचं. पाणी चढतं, गाव बुडणार असं दिसतं, म्हणून राखणदार मदतीसाठी मुलाला निरोप धाडतो. मुलाची वाट पाहून पाहून शेवटी गाव वाचवायला तलावाची पाळ, म्हणजे बांध, एका अंगानं फोडतो, पाणी नाल्यात घालतो. आणि मुलगा त्याच नाल्यातून येत असतो, कारण बापानंच त्याला बोलावलेलं असतं. कोणी वाईट नाही. प्रत्येकानं त्याच्या जागी जे बरोबर तेच केलेलं. पोराचं बुडणं रंगमंचावर दिसणार नव्हतं. ग्रीक नाटकात मरण पडद्याआड होतं आणि एक माणूस धावत येऊन ते सांगतो, तसंच इथं. तो निरोप्या मी.

"मलाच का?" असं मी विचारलं होतं.

"तुह्या चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून," तू म्हणालास. "निरोप्याचा चेहरा कोरा पाहिजे."

अण्णांना या सगळ्याचं भारी कौतुक. निवृत्त माणूस, तरुणपणी संगीत नाटकं पाहिलेली. त्यांनी हॉल दिला, अंगण दिलं, चार महिने दर रविवारी चहा आणि पोहे दिले. ते खुर्ची टाकून बसायचे आणि तुझ्याशी वाद घालायचे.

"मास्तर, एवढं कशाला? त्या ग्रीक राजाचं विधिलिखितच ना ते? बापाला मारशील, हे भाकीत आधीच झालेलं असतं, आणि घडतं तसंच."

"अण्णा, भाकिताची ओळ हातानं झाकून ठेवा," तू म्हणालास. "आता बाकीचं वाचा. तापट आहे तो मारते. भ्याला तो पळते. दयाळू आहे तो वाचवते. ज्याले त्याले जे सुचन ते करून राहिला. देवानं एक काडी तरी हलवली का?"

"पण शेवटी झालं तेच ना?"

"झालं तेच. पण त्यायच्या हातानं झालं."

आणि त्या ग्रीक लोकांचंसुद्धा तू सगळं ऐकून घ्यायचा नाहीस. कधी कधी त्यांच्या नाटकात शेवटी गुंता सुटेनासा झाला की वरून यंत्रानं देव उतरवायचे. ते तुला मुळीच खपत नसे. "गुंता मानसानं केला, मंग सोडवाले देव काहून? हे तं सरकारी चौकशीसारखं झालं."

तुला ग्रीक नाटक एवढं का धरून ठेवत होतं, हे तू मला एकदा सायकलवरून जाताना सांगितलंस. तुझे बाबा मिलमध्ये लूमवर होते. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तू सोळा-सतरा वर्षांचा, त्यांच्या बाजूला उभा होतास. "बाबा म्हणे, आजपर्यंत आपल्याले सांगत आले, मागच्या जन्माचं फळ आहे, भोगा. ते तिथं टाकून घरी आलो आम्ही. आता मी स्टेजवर नशीब परत आणू काहून, वसंता?" मग पुढं म्हणालास, तुझ्या विहारात भन्तेजी दर पौर्णिमेला तेच सांगतात, हे आहे म्हणून ते आहे, हे काढलं तर तेही उरत नाही. "ग्रीक लोकायले हे सापडाले राजे मारा लागले. आमच्या इथं बायका लेकरं मांडीवर घेऊन आयकते."

मी तेव्हा हसलो होतो. चेहऱ्यावर काही दिसलं नसेल. पण तोवर मी माझं काम करून चुकलो होतो.

आता ते सांगतो.

तालमींना जागा पाहिजे होती. मी अण्णांना विचारलं. अण्णा आमच्याच भागातले, आमच्याच जातीचे, म्हणून तर मला खोली मिळाली होती. ते लगेच हो म्हणाले. जाता जाता, चपला घालताना, त्यांनी सहज विचारलं, "मास्तर कोणाचे?"

तुझं आडनाव मला माहीत होतं. ते उच्चारलं की काय होईल हेही माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. मी म्हणालो, "ते आमच्यातलेच आहेत."

तीन शब्द. विचारही केला नाही. मला वाटलं, काम होऊन जाईल, माणूस किती मोठा आहे ते अण्णांना दिसेल, मग नाव कळलं तरी काय बिघडतं. तुझं भलंच करतोय असं वाटलं, आणि थोडा शहाणपणाचा अभिमानही वाटला. तुझ्या भाषेत ही नेम चुकण्याची चूक. ग्रीकांच्या नाटकात पडणारा माणूस पापी नसतो, त्याचा बाण भलतीकडे जातो, एवढंच. "वाईट मानूस पडला तं ते नाटक नाही, पोलीस केस आहे," असं तू म्हणायचास. त्या तीन शब्दांपुरता मी स्वतःला तुझ्या नाटकातला माणूस समजायला तयार आहे. पुढच्या गोष्टींसाठी नाही.

तुला काहीच कळलं नाही. तू चार महिने त्या घरात त्याच कपातून चहा प्यालास. काकूंनी तुला एकदा जबरदस्तीनं पंगतीला बसवलं, आग्रहानं पुरणपोळी वाढली. तू घरी जाऊन बाबांना सांगितलंस, "बाबा, प्रतापनगरात एका घरी कोणं मले नाव नाही विचारलं." हे तू मला मोठ्या आनंदानं सांगत होतास. तुला वाटलं होतं, जग हललं. आणि मी तुझ्याबरोबर हसलो.

मग सुमनचं लग्न ठरलं. तुझी एकुलती बहीण. तू म्हणालास, अण्णा आणि काकूंना बोलवायचं, आणि बाबा स्वतः येऊन बोलावणं करतील. लग्नाच्या गडबडीत आठवडाभर तालमी बंद होत्या. त्याच आठवड्यात अण्णांना दोन दिवस थोडा ताप होता, सर्दीचा. मी तेवढ्यावर आजार रचला. तुला म्हणालो, "अण्णांची तब्येत बरीच बिघडली आहे. डॉक्टरनं पाहुणे बंद केलेत. बाबांना त्रास देऊ नको, निरोप मी सांगतो." आणि अण्णांना काहीच सांगितलं नाही.

लग्न झालं. मी जेवलो, वाढायला मदत केली, सुमनच्या सासरच्यांशी बोललो. सगळं निभावलं असं वाटलं. खरं सांगायचं तर तुझ्या घरी जेवताना मला कधी काही वाटलं नाही. पण गावी गेलो की मी ते सांगायचो नाही. म्हणजे अण्णांच्या दारात जे बोललो ते काही अचानक तोंडून निसटलं नव्हतं. सवय होती.

पुढच्या रविवारी तालीम पुन्हा सुरू होणार होती. बाकीचे सतरंजीवर बसले होते, आणि माझ्या खोलीत ठेवलेल्या चिठ्ठ्या मी अंगणात दोरीवर लावत होतो. समोर पाहतो तर फाटकातून तू सायकल ढकलत येतोस, आणि बाजूला बाबा. पांढरंशुभ्र धोतर, हातात पिशवी, पिशवीत मोसंबी आणि लग्नातले लाडू. तू मला दुरूनच म्हणालास, "बाबा आयकेचना. म्हणे, त्या मानसानं तुले चार महिने घर दिलं, आणि तो बिमार आहे. न भेटता कसं राहू?"

माणिक, तू रविवारी किती वेळा समजावून सांगितलं होतंस. जे टाळायला माणूस पळतो, पळता पळता तो त्याच्याच दारात जाऊन उभा राहतो. आणि धक्का हा की नेणारा रस्ता त्यानं स्वतःच बांधलेला असतो. मी अण्णांना आजारी पाडलं म्हणून बाबा त्यांना भेटायला आले. आजारी पाडलं नसतं, तर एक पत्रिका हातात पडली असती, काहीतरी वेगळं झालं असतं. बरं नसतं झालं, पण वेगळं. तेव्हा हा विचार मला सुचला नाही. हातातला चिमटा तेवढा घट्ट धरून ठेवला.

अण्णा पुढे आले. "या, या! अहो, थोडं अंग तापलं होतं, त्यात एवढं काय!" काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर येतच होत्या.

बाबांनी दोन्ही हात जोडले. "जय भीम. मी माणिकचा बाप."

पुढे काय झालं ते तू पाहिलंस, पण तुझी पाठ माझ्याकडे होती, म्हणून मी पाहिलेलं सांगतो. काकू ट्रे घेऊन तशाच वळून आत गेल्या. आवाजही झाला नाही. अण्णांचे जोडायला उचललेले हात अर्ध्यावर राहिले. ते ओरडले नाहीत. अतिशय हळू, जणू तुलाच वाईट वाटू नये म्हणून, म्हणाले, "माणिकराव, हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"काय सांगाले पाहिजे होतं?" तुला खरंच कळलं नव्हतं.

"आम्हाला वेगळं सांगण्यात आलं होतं."

"कोणं सांगितलं?" हे बाबा.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. ते मला वाचवत होते. का वाचवत होते ते मला त्या क्षणी कळलं: मी त्यांच्यातला होतो. मीच त्यांना दिलेला शब्द ते माझ्यासाठी वापरत होते.

"मी नाही सांगितलं, बाबा," तू म्हणालास.

बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. मग पिशवी पायरीवर ठेवली. "आम्ही सगळं टाकून आलो," ते म्हणाले, "ते नाव लपवून च्या पियाले नाही." आणि फाटकाबाहेर गेले. तू सायकल तिथंच टाकून त्यांच्या मागं धावलास.

मी अंगणात उभा होतो. आठ माणसांतला एक मी, आणि तेव्हा तीनच शब्द बोलायला हवे होते. "मी सांगितलं होतं." तेही तीनच.

तुझ्या ग्रीक नाटकात सगळ्यांत मोठा क्षण कोणता, ते तू नेहमी सांगायचास. सत्य कळतं तो. ज्याच्यामुळे सगळं झालं तो मी, हे माणसाला दिसतं, आणि तिथंच त्याचं नशीब फिरतं. ओळख पटणं आणि उलटं होणं एकाच वेळी. आज मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती तू कधी सांगितली नाहीस, कदाचित तुला ती सांगण्याजोगी वाटली नसेल. त्या नाटकांत ओळख पटल्यावर कोणी गप्प बसत नाही. डोळे फोडून घेतील, घर सोडतील, पण सगळ्यांसमोर येऊन म्हणतील, मी केलं. मला ओळख पटली, आणि मी पोहे खाल्ले. हो, त्या दिवशी काकूंनी बाकीच्यांना पोहे दिले आणि मी खाल्ले.

दोन दिवसांनी तू माझ्या खोलीवर आलास. बाहेरूनच हाक मारलीस, आत आला नाहीस. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.

"वसंता, तू काही बोलला होता का अण्णाले? माह्याबद्दल?"

"मी? नाही रे. त्यांनी कधी विचारलंच नाही."

तू लगेच मान हलवलीस. "मले वाटलंच. त्यायनं आपल्या मनानंच धरून घेतलं असन. आता स्वतःची लाज झाकाले म्हणून राहिले, सांगण्यात आलं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तू माझी समजूत काढत होतास.

चिठ्ठ्या काढून पाहायचा तुझा सगळा हुनर, माणिक, त्यानं तुला दगा दिला तो तिथं. तू प्रत्येक प्रसंग काढून पाहिलास. अण्णा काढलेस, काकू काढल्यास, ताप काढलास. एका चिठ्ठीला तू कधी हातच लावला नाहीस. तिच्यावर माझं नाव होतं.

नाटक झालं नाही. हॉल गेला. आठांतले तिघं काही न बोलता यायचे थांबले. तू दुसरी जागा शोधली नाहीस. म्हणालास, मन नाही. नंतर शाळेत मुलांची नाटकं बसवलीस, चांगली बसवलीस, मुलांनी तुला डोक्यावर घेतलं, पण स्वतःचं एकही लिहिलं नाहीस. मात्र माझ्या जिवाला लागलेलं ते नाही. नाटकं काय, होतात, न होतात. बाबा लागले आहेत.

बाबांनी तुझ्याशी बोलणं बंद केलं नाही. ते त्याहून वाईट होतं. भाजी आणली का, सुमनचं पत्र आलं का, हे सगळं बोलायचे. पण त्या गोष्टीवर त्यांनी तुझा शब्द धरला नाही. एकदा माझ्यासमोर, ताटावर बसल्यावर, कोणाशीच नाही असं म्हणाले, "नाव लपवून भेटलेला च्या माह्या पोराले गोड लागला." तू भाकरी मोडत होतास, मोडतच राहिलास. मी बाबांच्या शेजारी बसलो होतो. आणखी भाजी घेतली. त्यानंतर सहा वर्षांनी बाबा गेले, तसंच समजून गेले.

मग आपलं भांडण. चहाच्या टपरीवर, तुझ्या शाळेच्या फाटकाशी, सीताबर्डीवर पुस्तकं चाळताना. कुठूनही सुरू करून तू तिथंच यायचास. "काहीतरी कडी सुटून राहिली वसंता. उगाच होत नाही. अण्णाले कोणी तरी काही तरी सांगितलं." आणि मी म्हणायचो, "अरे, आयुष्य म्हणजे काय नाटक आहे? होतो योगायोग." मी तत्त्वज्ञान बोलत होतो असं तुला वाटायचं. तू मला उत्तरं द्यायचास, पुरावे द्यायचास, चिडायचास. मी तुझ्याशी वाद घालत नव्हतोच. मी दार लावून धरलं होतं.

अण्णा गेल्याची बातमी मीच तुला दिली. टपरीवर तू हातातला चहा संपवलास. मग म्हणालास, "ज्याचं कारण मानूस सांगत नाही, त्याले योगायोग म्हणते." आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागलास.

त्या वाक्याचा मी फार विचार केला आहे. तुला कळलं होतं का? कळूनही तू मला ठेवून घेतलं होतंस का? तसं मानलं तर माझं ओझं निम्मं होतं. म्हणूनच मी तसं मानत नाही. तू बोलताना माझ्याकडे पाहत नव्हतास, टपरीवाल्याच्या स्टोव्हकडे पाहत होतास. एवढंच मला माहीत आहे.

तुझ्यामुळे मी माणसासारखं वाचायला शिकलो. कोणी सांगितलं की हे असंच असतं, तर 'कशामुळे' असं विचारायला शिकलो. माझ्या मुलीला शाळेतून घरी आल्यावर तू विचारायचास, "आज काय झालं ते नको सांगू वं, कायच्यानं झालं ते सांग." ती आता कॉलेजात तसंच बोलते. हे देणं फार मोठं आहे, आणि हे मी तुझ्याकडून घेत होतो तेव्हाही माझ्या खिशात तुझी ती कडी होती.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज येत होतो. एके दिवशी दुपारी तू बरा होतास, उशी पाठीला लावून बसलास, आणि नर्सची नक्कल करून दाखवलीस. मी ठरवून आलो होतो. तोंड उघडलंही. तू म्हणालास, "काय गा, चेहरा असा काहून? पहिल्यांदा काहीतरी दिसून राहिलं तुह्या चेहऱ्यावर." मी म्हणालो, ऊन लागलं. तू पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवलास. तिसऱ्या दिवशी तू गेलास.

काल दुपारी मी नंदनवनला सुमनकडे गेलो. घरी ती एकटीच होती. गहू निवडत बसली होती. "या वसंतदादा," म्हणून तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा सुपापाशी बसली. भिंतीवर बाबांचा फोटो होता आणि त्याला लागून आता तुझा.

मी तिला सांगितलं. पहिल्या तीन शब्दांपासून. काही गाळलं नाही, पोहेसुद्धा. ती निवडतच होती. रस्त्याच्या कडेला उभं राहून तू मला विचारलंस आणि मी नाही म्हणालो, तिथं तिचा हात थांबला.

"बाबा सहा वर्षं जिवंत होते नं," ती म्हणाली. "तुम्ही महिन्यातून दोनदा घरी येत होते. त्यायच्या बाजूले बसून जेवत होते. काहून नाही सांगितलं?"

"भ्यालो."

"कोणाले? बाबाले?"

"माणिकला. त्यानं मला टाकलं असतं."

"टाकलं असतं," ती म्हणाली. "वर्ष-दोन वर्षं तोंड नसतं पाहिलं तुमचं. मंग आला असता. त्याले तुमच्याशिवाय होतं कोण भांडाले?"

अठरा वर्षं मी जे वाचवत होतो, ते गेलंच नसतं, एवढं तिनं गहू निवडता निवडता सांगितलं.

मग मी विचारलं, मंडळवाले स्मरणिकेला दोन पानं मागतात, हे लिहू का? तुमची हरकत असेल तर नाही लिहीत.

"हेच लिहा. दुसरं काही लिहूच नका. आणि खाली तुमचं पूर्ण नाव टाका, आडनावासकट. दादाचं टाकाल तं तुमचं बी टाका."

तिनं सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. उठली, आणि भिंतीपाशी गेली. मला वाटलं, तुझ्या फोटोपाशी. ती बाबांच्या फोटोसमोर उभी राहिली. लूमच्या आवाजानं बाबांना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं, तेव्हा ती त्यांच्याशी जशी बोलायची, तशी मोठ्यानं, एकेक शब्द तोडून ती म्हणाली,

"बाबा, दादानं नाव लपवलं नव्हतं. आयकलं का बाबा? दादानं नव्हतं लपवलं."